प्रतापगंजचा बंगला विकायचाय, पण झाडांना हात लावू नका

ताई, बडोद्यात प्रतापगंजला आजोबांचा जुना बंगला, भोवती गर्द बाग, तिघं भावंडं वारस, धाकटा अमेरिकेत. झाडं काढून जागा मोकळी केली तर भाव चढेल असं दलाल म्हणतो, तर काय करावं, हा तुमचा प्रश्न. माझं स्पष्ट मत : एकही झाड पाडू नका.

मोकळी जागा दिसली की बिल्डर जमिनीचे पैसे मोजतो, बाकी सगळं त्याच्या लेखी मलबा. राहायला घर शोधणारं कुटुंब मात्र त्या बागेसाठीच येतं. बंगला वर्षभरात उभा राहतो, पण रस्ता दिसेनासा करणारे आंबा आणि बकुळ एवढे वाढायला दोन पिढ्या जातात. म्हणून घर उन्हाळ्यात, दुपारी दाखवा. फाटकाबाहेर डांबर मऊ झालेलं असतं आणि आत बकुळीखालच्या फरशीवर अनवाणी उभं राहता येतं. हा फरक ज्याला पायाला कळेल, तो तुमचं गिऱ्हाईक. वाळक्या फांद्या काढा, मेंदीचं कुंपण छाटा, विहिरीवरची जाळी नीट करा, बस्स. जिवंत झाड तोडायला तर महापालिकेची परवानगीही लागते.

घराला नवा गिलावा-रंग देण्याची घाई नको. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतली ओल कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे सुटतात; जाणकार माणूस ते लगेच ओळखतो. सागवानी चौकटी तळाशी नाण्याने वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर आत वाळवी असू शकते. दोष असेल तो आधीच सांगा.

विश्वामित्री नदीच्या पुराचं प्रत्येक जण विचारणारच. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी कुठवर आलं होतं, जोत्याला लागलं की नाही, हे खरंखरं सांगा. शेजारीपाजारी सांगणारच आहेत.

कागदांचं काम मात्र गिऱ्हाईक शोधण्याआधी. पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, करा, सिटी सर्वेच्या प्रॉपर्टी कार्डावर तिघांची वारसाई चढवून घ्या. कार्डावर अजून आजोबांचंच नाव असेल तर बानाखतावर (विक्रीच्या करारावर) बँक कर्ज देणार नाही. तुमचा भाग अशांत धाऱ्यात, म्हणजे गुजरातच्या अशांत क्षेत्र कायद्यात, येतो का, तेही पाहा. येत असेल तर कलेक्टरच्या परवानगीशिवाय दस्त होत नाही आणि तेवढा वेळ हाताशी ठेवावा लागतो.

मालमत्ता २००१ च्या आधीची आहे, त्यामुळे भांडवली नफ्यावरचा कर मोजताना खरेदीची किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. ती नोंदणीकृत व्हॅल्यूअरकडून लिहून घ्या. मूल्यांकनात जुन्या सागवानाचा, विहिरीचा उल्लेख असू द्या. धाकटे बंधू अनिवासी असतील तर त्यांच्या हिश्श्यावर खरेदीदाराला बराच जास्त टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापावा लागतो, तुमच्यासारखा १ टक्का नाही. आयकर विभागाकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र त्यांनी दस्ताआधीच काढायला हवं. त्यांचा अर्ज आजच सीएकडे लावा, बाकीची कामं त्याच्या बरोबरीने चालू राहतील.