फुप्फुस मिटल्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया : तुमचे प्रश्न

प्रश्न : बावीस वर्षांच्या मुलाला अचानक छातीत दुखून दम लागला. फुप्फुस मिटलं होतं. नळी घातल्यावर बरा झाला. ऑपरेशन आत्ताच उरकून टाकावं का?

घाई नको. फुप्फुसाच्या शेंड्यावरचा एखादा पातळ फुगा फुटून हवा छातीच्या पोकळीत शिरली असावी. उंच, सडपातळ तरुणांमध्ये हे जास्त दिसतं. पहिल्या वेळेनंतर साधारण तिघांपैकी एकाला पुन्हा त्रास होतो. म्हणजे सगळ्यांचं ऑपरेशन केलं, तर दोघांचं उगाच होईल. मात्र त्याच बाजूला दुसऱ्यांदा झालं, दुसऱ्या बाजूलाही झालं किंवा पाचेक दिवस उलटूनही नळीतून हवा येतच राहिली, तर शस्त्रक्रिया टाळू नये. वैमानिकांना पहिल्याच वेळी सुचवतात. आणि मुलगा सिगारेट ओढत असेल तर ती आजच बंद करा. ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : दुर्बिणीतून नेमकं काय करतात?

पूर्ण भूल देतात आणि त्या बाजूच्या फुप्फुसाचा श्वास तेवढ्यापुरता थांबवतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. बरगड्यांमधल्या एक ते तीन छोट्या छेदांतून कॅमेरा आणि हत्यारं जातात. फुगे असलेला भाग स्टेपलरने कापून शिवला जातो. पण काम इथे संपत नाही. छातीच्या आतलं अस्तर घासतात किंवा त्याचा काही भाग सोलून काढतात, कधी टाल्कची पूड फवारतात. त्यामुळे फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटतं. पुन्हा गळती झालीच, तरी त्याला मिटायला जागा उरत नाही. ही दुसरी पायरी होणार आहे ना, हे सर्जनना जरूर विचारा.

प्रश्न : दुखतं का?

हो. छेद लहान असले तरी बरगडीखालची नस दुखावते. काहींना तिथे काही महिने बधिरपणा जाणवतो. दुखतं म्हणून वरवर श्वास घेत बसू नका. वेदनाशामक वेळेवर घ्या, खोल श्वास घ्या, खोका, चाला.

प्रश्न : विमानप्रवास?

एक्स-रेत फुप्फुस पूर्ण फुललेलं दिसल्यावर निदान आठवडाभराने, डॉक्टरांना विचारून. स्कूबा डायव्हिंग मात्र सोडलेलं बरं.

प्रश्न : माझा त्रास दर वेळी पाळीच्या सुमारासच होतो. योगायोग असेल का?

योगायोग समजून सोडून देऊ नका. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी श्वासपटलावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्यावर वाढल्या, तर तिथे छिद्रं पडू शकतात. त्रासाच्या आणि पाळीच्या तारखा लिहून सर्जनना दाखवा, म्हणजे ते दुर्बिणीतून श्वासपटलही नीट तपासतील. पुढे हार्मोनची औषधंही लागू शकतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना सुरुवातीपासून सोबत घ्या.