जर्मनीत विद्यार्थी म्हणून राहताना शेजारच्या देशांत फिरायला वेगळा व्हिसा लागतो का?

शेंगेन देशांसाठी (आपसातल्या सीमांवरची नेहमीची पासपोर्ट तपासणी काढून टाकलेले युरोपातले देश) नाही लागत. जर्मनीचा वैध निवास परवाना (किंवा सुरुवातीचा डी व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा) आणि भारतीय पासपोर्ट एवढ्यावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. नोकरी मात्र तिथे करता येत नाही. म्युनिकला शिकताना मी याच नियमावर फिरलो. दोन्ही मूळ कागद जवळ ठेवाच, मोबाइलमधला फोटो चालत नाही, आणि रात्रीच्या बसमध्ये तपासणी होते.

गोंधळ होतो तो इथे:
- स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. बिनधास्त जा.
- आयर्लंड युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये नाही. तिथे आणि ब्रिटनला वेगळा व्हिसा हवा.
- रोमानिया, बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आले.

म्युनिकहून पहिली सहल ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गची करा. डॉइचलांड तिकीट (जर्मनीभरच्या स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांचं मासिक तिकीट) तिथल्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं, फक्त साध्या प्रादेशिक गाडीने जायचं.

एक अडचण: परवान्याची मुदत संपली असेल आणि हातात नुसता तात्पुरता कागद असेल, तर देशाबाहेर पडण्याआधी परदेशी नागरिक कार्यालयाला ईमेलवर विचारा. मित्रांच्या भरवशावर निघू नका.