प्रकाश बंध तोडतो, की नुसती सुरुवात करून देतो?

प्रश्न : पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या रेणूवर अणूंचा एक गट चिकटवून तो निष्क्रिय करतात आणि प्रकाश टाकला की तो मोकळा होतो, असं वाचलं. प्रकाश तो बंध थेट तोडतो का? आणि एवढा खटाटोप कशाला? एटीपी सरळ द्रावणात का घालत नाहीत?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी दुसरा प्रश्न घेते, कारण सगळं मोल तिथेच आहे.

स्नायूच्या तंतूतलं एटीपी काढून घेतलं की मायोसिन हे प्रथिन दुसऱ्या प्रथिनाला, म्हणजे अ‍ॅक्टिनला घट्ट धरून बसतं आणि तंतू ताठरतो. एटीपी मिळाल्यावर ही पकड किती वेळात सुटते, हे मोजायचंय. ते बाहेरून घातलं तर आत झिरपायला वेळ लागतो, शिवाय कडेचं मायोसिन वाटेतच ते वापरून टाकतं. मग मोजमाप होतं ते झिरपण्याचं. म्हणून निष्क्रिय एटीपी आधी तंतूभर पसरू द्यायचं आणि मग लेसरचा एकच झोत टाकायचा. गोल्डमन, हिबर्ड, मॅक्रे आणि ट्रेंटहॅम यांनी 1982 मध्ये नेमकं हेच केलं. मला आजही हा प्रयोग फार सुंदर वाटतो.

असं एटीपी कॅप्लान, फोर्बुश आणि हॉफमन यांनी 1978 मध्येच तयार केलं होतं, तांबड्या पेशींमधल्या सोडियम-पोटॅशियम पंपाच्या (एटीपी वापरून सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणाऱ्या प्रथिनाच्या) अभ्यासासाठी. एटीपीच्या शेवटच्या फॉस्फेटवर त्यांनी नायट्रोफेनिलएथिल गट जोडला. किल्लीच्या दातांवर लाखेचा थेंब पडावा तसं झालं: रेणू शाबूत, पण पंपाच्या उपयोगाचा नाही.

आता पहिला प्रश्न. प्रकाश तो बंध थेट तोडत नाही. साधारण 350 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश नायट्रो गट शोषतो. उत्तेजित झालेला त्याचा ऑक्सिजन शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढून घेतो. त्यासाठी नायट्रो गट बेंझिनच्या कड्यावर त्या कार्बनच्या लगतच्याच जागी हवा, समोरच्या जागी असला तर त्याचा हात पोचत नाही. इथे प्रकाशाचं काम संपतं. पुढची फेरजुळणी अंधारातही चालते आणि तिच्या शेवटी कार्बन-ऑक्सिजन बंध तुटून एटीपी सुटतं. झोत क्षणार्धाचा असला तरी सुटकेला उदासीन द्रावणात सुमारे 10 मिलिसेकंद लागतात. त्याहून वेगवान घटना या गटाने मोजता येत नाही. निवड करताना विद्यार्थी हे हमखास विसरतात, म्हणून मुद्दाम सांगते.

उरलेल्या गटाचाही हिशेब ठेवावा लागतो. त्याचं नायट्रोसो कीटोन होतं आणि ते प्रथिनांच्या थायॉल (गंधक-हायड्रोजन) गटांना चिकटतं. म्हणून द्रावणात आधीच ग्लुटाथायोन किंवा डायथायोथ्रायटॉल ही थायॉल असलेली संयुगं घालतात, म्हणजे ते त्यांनाच चिकटतं. आमच्या प्रयोगशाळेत कुप्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये असत आणि खोलीत पिवळा दिवा. पण माझा खरा आग्रह असे तो तुलनेच्या प्रयोगाचा: तोच झोत, तोच गट, फक्त सुटणारा रेणू निरुपद्रवी. त्यातही तंतू हलला, तर श्रेय एटीपीला देता येत नाही.