आधी वरच्या अंगाची विहीर

प्रिय मुली,

तुझा रिपोर्ट आणि सोबतची चिठ्ठी परवा मिळाली. शिसं, कॅडमियम, क्रोमियम सगळं मर्यादेत, तरी विहिरीच्या पाण्याला वास येतो. वरिष्ठ म्हणतात कचरा डेपोचा संबंध नाही, फाइल बंद कर. चूक माझी की लॅबची, असं तू विचारलंस. लॅबची नाही. तुझीही निम्मीच.

कचरा कुजायला लागतो तेव्हा ढिगातून झिरपणारा निचरा आंबट असतो, धातू विरघळवतो. पुढे ढिगात मिथेन तयार व्हायला लागला की आम्लता उतरते आणि शिसं, क्रोमियम बरंचसं ढिगातच नाहीतर खालच्या चिकणमातीत अडकून बसतं. माती खराब आणि पाण्यात धातू नाहीत, हे एकाच वेळी खरं असू शकतं. क्लोराइडचं तसं नाही. त्याला माती धरत नाही, जिवाणू खात नाहीत. पाणी जाईल तिथं ते जातं. तुझ्या तक्त्यात क्लोराइड, अमोनिया आणि ईसी (पाण्याची विद्युतवाहकता) तिन्ही चढे आहेत. शेवटच्या पानावर आहेत म्हणून कुणी पाहिले नाहीत, इतकंच.

पण चढे कशापेक्षा? इथे मात्र मला राग आला. चार विहिरी घेतल्यास आणि चारही डेपोच्या खालच्या अंगाला, म्हणजे डेपोखालून भूजल वाहत जातं त्या बाजूला! वरच्या अंगाची एकही नाही.

हे मीही केलं होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तक्रार आली त्या सगळ्या विहिरींचे नमुने घेतले आणि नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर गेल्याचं रिपोर्टात ठळक लिहिलं. सुनावणीत समोरच्याने एकच विचारलं, डेपोचं पाणी पोचत नाही तिथं किती आहे? आसपास खताची शेती होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खूणही मी चुकीची धरली होती. ढिगाखाली प्राणवायू संपलेला असतो, तिथं नायट्रोजन बहुतेक अमोनियाच्या रूपात सापडतो. नायट्रेट आलं तरी जिवाणू ते संपवतात. प्रकरण तिथंच मिटलं. त्या घरांनी पुढे सहा वर्षं तेच पाणी भरलं. त्यातल्या एका बाईंनी मला आतून तांबूस थर बसलेली कळशी दाखवली होती, ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हापासून वरच्या अंगाच्या विहिरीशिवाय मी एकाही रिपोर्टवर सही केली नाही. लोक मला अडेलतट्टू म्हणाले, विकला गेलाय म्हणाले. एकदा लोक रस्त्यावर बसलेले असताना मी चार महिने रिपोर्ट रोखून धरला. पाणी पिऊ नका हे पहिल्याच आठवड्यात लेखी दिलं होतं, तेवढ्यासाठी तुलना लागत नाही. डेपोवर बोट ठेवायला मात्र लागते. तो रिपोर्ट पुढे कुणाला खोडता आला नाही. तरी ते चार महिने लोकांनी कसे काढले हे मला माहीत आहे, आणि मी बरोबर होतो हे आजही तितक्याच ठामपणे म्हणतो.

आता वर म्हणजे कुठे? जमिनीच्या उतारावरून ठरवू नकोस. निदान तीन विहिरी घे, एका सरळ रेषेत नसलेल्या. तिन्हींच्या पाण्याची पातळी एकाच दिवशी, एकाच संदर्भपातळीवरून मोज. दिशा त्यातून निघते. शेजारी मोठा पंप चालू असेल तर दिशा फिरते. ढिगाखाली पाणी फुगून चहूबाजूंनी पसरतं, म्हणून वरची विहीर डेपोला चिकटून नको. खडक भेगाळ असेल तर तीन विहिरींवरही भरवसा ठेवू नकोस, आणखी शोध.

नमुना घेताना घाई केलीस हे तुझ्याच नोंदीत दिसतंय. अशा विहिरीचं पाणी बाटलीत भरताना नितळ असतं. तशीच ठेवलीस की आधी पिवळसर होतं, मग तपकिरी, आणि तळाशी गंजाचा भुगा बसतो. विरघळलेलं लोह हवा लागून बाहेर पडतं, जाताना आर्सेनिकही ओढून नेतं. ते लॅबमध्ये जाऊन गाळलंस, म्हणजे शोधायचं तेच गाळणीवर टाकून दिलंस. विहिरीवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळ आणि लगेच नायट्रिक आम्ल घाल.

डेपो बंद होऊन पंधरा वर्षं झाली हे वरिष्ठांचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. अमेरिकेत लव्ह कॅनॉलचा रासायनिक कचरा झाकून ती जागा १९५३ मध्ये शाळेसाठी दिली गेली. त्या कचऱ्यापायी तिथं आणीबाणी जाहीर झाली १९७८ मध्ये.

वरच्या अंगाचा विहीरमालक म्हणेल, माझं पाणी चांगलं आहे, माझ्याकडे कशाला? त्याला सांग, चांगलं आहे म्हणूनच हवंय. पुन्हा जा, दोनदा जा. पातळ्या मोजल्यास की आकडे मला पाठव, तोवर फाइल बंद करू देऊ नकोस.

तुझा,
सर