काउफमान : एक आडनाव आणि वाचकांचे प्रश्न

आकाशवाणीच्या संकेतधुनीविषयी या सदरात लिहिले, तेव्हापासून ती धुन ज्यांच्या नावे सांगितली जाते त्या वाल्टर काउफमान यांच्या आडनावाबद्दलची पत्रे थांबलेली नाहीत. बहुतेक पत्रांमधला गोंधळ एकच आहे : आडनाव कळले की माणसाचा धर्म, देश आणि कूळ कळले, असे गृहीत धरले जाते. म्हणून त्यातील काही प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

काउफमान हे आडनाव ज्यू आहे की जर्मन? (ठाणे)

दोन्ही. आडनावाची भाषा जर्मन आहे आणि ते लावणाऱ्यांत ख्रिस्तीही आहेत, ज्यूही आहेत.

या आडनावाचा अर्थ काय आणि ते ज्यू कुटुंबांकडे कसे आले? (नाशिक)

जर्मन भाषेत काउफमान म्हणजे व्यापारी. या शब्दाचे मूळ खाणावळवाला किंवा किरकोळ विक्रेता अशा अर्थाच्या ‘काउपो’ या लॅटिन शब्दापर्यंत नेले जाते. मध्ययुगात जर्मन शहरांमध्ये आडनावे स्थिरावू लागली, तेव्हा व्यवसायावरून पडलेल्या नावांत हे एक होते आणि ते ख्रिस्ती व्यापाऱ्यांच्या घरात रुळले. उत्तर जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये त्याचे रूप कोपमान असे होते, तर अमेरिकेत शेवटचा एक ‘न’ गळून किंवा स्पेलिंग बदलून कॉफमनसारखी रूपे झाली.

ज्यू कुटुंबांत ते दोन वाटांनी आले. एक वाट अर्थातच व्यापाराची. दुसरी वाट बहुतेकांना ठाऊक नसते : मध्य युरोपातील ज्यू पुरुषांना धार्मिक विधींसाठी एक हिब्रू नाव असे आणि बाहेरच्या व्यवहारात वापरायचे दुसरे नाव असे. येकुतिएल किंवा याकोब हे हिब्रू नाव असलेल्या पुरुषाला व्यवहारात ‘काउफमान’ म्हणत. म्हणजे हे मुळात व्यक्तीचे नाव होते, आणि वडिलांचे नाव मुलांनी पुढे लावता लावता त्याचे आडनाव झाले. बव्हेरियातील फ्यूर्थ गावी 1843 मध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत गाजलेले रब्बी काउफमान कोहलर यांच्या नावात ‘काउफमान’ पहिल्या जागी आहे, ते याच प्रथेमुळे. तुमच्या ओळखीच्या काउफमान घराण्याचा मूळ पुरुष दुकानदार होता की केवळ त्या नावाचा गृहस्थ होता, हे शब्दकोश पाहून सांगता येत नाही. त्यासाठी त्या गावाची जुनी नोंदवही पाहावी लागते.

कोहेन हे ज्यूंचे आडनाव बदलून काउफमान केले, असे ऐकले. खरे का? (मुंबई)

नाही. एखाद्या कुटुंबाने स्वतः तसा बदल केल्याचा कागद असेल तर गोष्ट वेगळी. तो कागद अभिलेखागारातील माणसाला दाखवा.

आकाशवाणीचे वाल्टर काउफमान आणि जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे यांचे भाषांतरकार वाल्टर काउफमान एकच का? एका व्हिडिओत तसे सांगितले आहे. (कोल्हापूर)

नव्हेत. तो व्हिडिओ करणाऱ्याने दोघांच्या जन्मतारखासुद्धा पाहिलेल्या दिसत नाहीत.

संगीतकार वाल्टर काउफमान यांचा जन्म 1907 मध्ये कार्ल्सबाड येथे झाला. आज ते गाव चेक प्रजासत्ताकात कार्लोव्ही व्हारी या नावाने आहे आणि तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. म्हणजे जर्मन भाषेत वाढलेल्या या ज्यू गृहस्थाला ‘जर्मनीचा’ म्हणणेही बरोबर नाही. 1934 मध्ये ते मुंबईत आले, त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली आणि पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळला. 1946 मध्ये ते भारतातून गेले, कॅनडात विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालन केले, मग अमेरिकेत ब्लूमिंग्टन येथे अध्यापन केले. हिंदुस्थानी रागांवर त्यांनी विस्तृत ग्रंथ लिहिला. 1984 मध्ये ते वारले. तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिन वाजणारी ती संकेतधुन सहसा त्यांच्याच नावे सांगितली जाते.

नीत्शेचे भाषांतरकार वाल्टर काउफमान 1921 मध्ये फ्रायबुर्ग येथे जन्मले आणि प्रिन्स्टन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत होते. याशिवाय एल्बरफेल्ड येथे 1871 मध्ये जन्मलेले वाल्टर काउफमान हे पदार्थवैज्ञानिक होते. वेगानुसार इलेक्ट्रॉनचे वस्तुमान बदलते हे दाखवणारे प्रयोग त्यांचे. आणि चौथे वाल्टर काउफमान हे 1924 मध्ये बर्लिनला जन्मलेले लेखक. त्यांच्याविषयी पुढे लिहितो. नाव आणि आडनाव दोन्ही जुळली, तरी जन्मवर्ष आणि जन्मगाव जुळल्याशिवाय दोन नोंदी एकत्र जोडू नयेत, हा वंशशोधाचा पहिला नियम आहे.

सरकारी अधिकाऱ्यांनी ज्यूंना पैसे घेऊन चांगली आडनावे विकली आणि गरिबांना वाईट दिली, हे खरे आहे का? (सोलापूर)

ही गोष्ट फार सांगितली जाते आणि ज्या प्रमाणात ती सांगितली जाते, त्या प्रमाणात तिला कागदोपत्री आधार नाही. आधार असलेली गोष्ट अशी की, बहुसंख्य ज्यू कुटुंबे स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एवढेच लावत आणि राज्यांना करवसुलीसाठी व सैन्यभरतीसाठी कायमचे आडनाव हवे होते. सम्राट दुसरा योझेफ याने ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याच्या प्रदेशांसाठी 1787 मध्ये तसा हुकूम काढला, नेपोलियनचा हुकूम 1808 चा, जर्मन राज्यांपैकी बाडेनचा 1809 चा, प्रशियाचा 1812 चा आणि बव्हेरियाचा 1813 चा. ज्यांच्या घरात ‘काउफमान’ हे वडिलांचे किंवा आजोबांचे नाव होते, त्यांनी तेच पुढे लिहून दिले. काहींनी धंद्यावरून ते निवडले. त्यामुळे तुमचे कुटुंब कोणत्या राज्यातले, हे आधी ठरवा. हुकुमाचे वर्ष त्यावर अवलंबून आहे आणि नावांच्या याद्याही त्या त्या राज्याच्या अभिलेखागारात आहेत.

माझी मुलगी श्टुटगार्टला नोकरी करते आणि काउफमान आडनावाच्या मुलाशी लग्न करते आहे. नातेवाईक म्हणतात की ही मंडळी ज्यू असणार. आडनावावरून खात्री कशी करावी? (पुणे)

आडनावावरून खात्री होत नाही, आणि या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आडनाव वाचून माणसाला खणात टाकण्याची ही सवय मला सर्वांत जास्त छळते.

काउफमान आडनावाची माणसे डोळ्यांसमोर आणून पाहा. रोममध्ये 1807 मध्ये निवर्तलेल्या आणि लंडनच्या रॉयल अकादमीच्या संस्थापक सदस्यांपैकी अवघ्या दोन स्त्रियांतील एक असलेल्या चित्रकार अँजेलिका काउफमान ख्रिस्ती होत्या. 1867 पासून रशियन तुर्कस्तानचा गव्हर्नर-जनरल असलेला कॉन्स्टांटिन फॉन काउफमान झारचा सेनानी होता आणि तोही ख्रिस्तीच. त्याच शतकात बुडापेस्टमध्ये दुर्मीळ हिब्रू हस्तलिखितांचा संग्रह करणारे डेव्हिड काउफमान ज्यू विद्वान होते. पेनसिल्व्हेनियात धबधब्यावर उभे असलेले प्रसिद्ध घर ज्यांनी बांधवून घेतले, ते पिट्सबर्गचे व्यापारी एडगर काउफमानही ज्यू होते. या चौघांना एका आडनावाखेरीज काहीही जोडत नाही.

आता तत्त्वज्ञ वाल्टर काउफमान यांचे पाहा. ते लुथरन ख्रिस्ती म्हणून वाढले. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या) ख्रिस्ती सिद्धान्तावरचा विश्वास उडाला आणि त्यांनी ज्यू धर्म स्वीकारण्याचे ठरवले. आपले आजी-आजोबा ज्यूच होते, हे त्यांना नंतर कळले. स्वतःच्या घरातील मुलाला जे आडनावावरून कळले नाही, ते पुण्यातील नातेवाइकांना कसे कळणार? आणि लेखक वाल्टर काउफमान यांचे तर जन्माचे आडनावच वेगळे होते. ते लहान असताना ड्यूसबुर्ग येथील काउफमान नावाच्या वकिलाने आणि त्यांच्या पत्नीने त्यांना दत्तक घेतले, 1939 मध्ये ज्यू मुलांना नाझींपासून वाचवणाऱ्या गाडीतून इंग्लंडला पाठवले, आणि ते दांपत्य स्वतः आउश्वित्सच्या छळछावणीत मारले गेले. ते आडनाव त्यांनी 2021 पर्यंत, मरेपर्यंत लावले. त्यात रक्ताचा संबंध एका थेंबाचाही नव्हता.

आपल्याकडेही हेच आहे. मशीद बंदरचे 1796 चे प्रार्थनामंदिर बांधणारे सॅम्युएल दिवेकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठीभाषक ज्यू, होते, आणि दिवेकर आडनावाची हिंदू कुटुंबे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. गाव एक, आडनाव एक, धर्म दोन.

एक गोष्ट अधिक गांभीर्याने सांगतो. ज्यांनी ज्यूंना वेचून मारले, त्या नाझी राजवटीनेसुद्धा 1935 च्या कायद्यात आडनावाचा निकष ठेवला नव्हता. कोण ज्यू, हे ठरवण्यासाठी त्यांनी आजी-आजोबांची धार्मिक नोंद पाहिली आणि लाखो जर्मनांना चर्चमधून दाखले गोळा करायला लावले. जर्मनीत ज्याच्या आजोबांना त्या दाखल्यांमधून जावे लागले असेल, अशा घरातील मुलाच्या आडनावावरून सासुरवाडीत तर्क लढवले जाणे किती बोचरे असेल, याचा विचार नातेवाइकांनी करावा. तुमचा प्रश्न मुलीला विचारा, आणि तिला उत्तर ठाऊक नसेल तर त्या मुलाला सरळ, आदराने विचारा. विवाहाची कागदपत्रे आणि त्यांची क्रमवारी यांसाठी तेथील नोंदणी कार्यालयाचा सल्ला आधी घ्यावा, एजंटाचा नव्हे.

काउफमान घराण्याचे ‘अस्सल राजचिन्ह’ फ्रेम करून साडेचार हजारांत मिळते आहे. जावयाला भेट द्यावे का? (नागपूर)

देऊ नका. ढालीचे चिन्ह एका विशिष्ट कुटुंबाला मिळते, आडनावाला मिळत नाही. विक्रेत्याकडे काउफमानचे चिन्ह आहे तसे म्युलरचेही आहे आणि मागाल तर तुमच्याही आडनावाचे छापून देईल.

डीएनए चाचणीत ‘अश्केनाझी’ (मध्य व पूर्व युरोपातील ज्यू) टक्केवारी आली तर आडनाव ज्यू ठरते का? (बडोदे)

नाही. ती टक्केवारी कंपनीकडे आधीच जमा असलेल्या नमुन्यांशी केलेली तुलना आहे. त्यातून आडनावाचा इतिहास कळत नाही, आणि चाचणी एकाची केली तरी माहिती सगळ्या भावंडांची उघड होते. लाळेची नळी टपालात टाकण्यापूर्वी घरात सर्वांशी आणि शक्य तर जनुकीय सल्लागाराशी बोला.

पतीच्या आजीचा 1939 चा जर्मन पासपोर्ट सापडला. त्यात नावापुढे ‘सारा’ आहे आणि पहिल्या पानावर लाल अक्षर आहे. घरात त्यांना कोणीही सारा म्हणत नसे. (मुंबई)

ते नाव त्यांचे नव्हते. 17 ऑगस्ट 1938 च्या हुकुमाने, ज्यू नावांच्या सरकारी यादीत न बसणारे नाव असलेल्या ज्यू स्त्रियांना ‘सारा’ आणि पुरुषांना ‘इस्राएल’ हे जादा नाव लावणे 1 जानेवारी 1939 पासून सक्तीचे झाले. लाल अक्षर ‘ज’ उच्चाराच्या रोमन अक्षरासारखे दिसत असेल. ज्यूंच्या पासपोर्टांवर तो शिक्का 1938 च्या ऑक्टोबरपासून मारला जाई. घरातील वंशावळीत ‘सारा’ लिहू नका. त्यांच्या जन्मगावच्या नोंदणी कार्यालयातून जन्माचा दाखला मागवलात, तर समासात हे लादलेले नाव आणि युद्धानंतर ते रद्द झाल्याची टीप अशा दोन्ही नोंदी अनेकदा मिळतात. त्या मुंबईत आल्या असतील, तर ज्यू रिलीफ असोसिएशनच्या आणि युद्धकाळातील स्थानबद्धांच्या कागदांतही शोधावे. जर्मन पासपोर्ट असलेल्या ज्यू निर्वासितांनाही ब्रिटिशांनी शत्रुदेशीय म्हणून पुरंदर आणि सातारा येथे ठेवले होते.

मग माझ्या पतींना जर्मन नागरिकत्व मिळेल का? एका संस्थेने काउफमान आडनाव पाहून ‘हमखास’ म्हटले आहे आणि आगाऊ रक्कम मागितली आहे. (त्याच वाचक)

रक्कम देऊ नका. आडनावाचा येथे काहीही उपयोग नाही. जर्मन राज्यघटनेच्या कलम 116 नुसार 30 जानेवारी 1933 ते 8 मे 1945 या काळात राजकीय, वांशिक किंवा धार्मिक कारणांनी ज्यांचे नागरिकत्व हिरावले गेले, त्यांचे वंशज अर्ज करू शकतात. परदेशात राहणाऱ्या ज्यूंचे नागरिकत्व 25 नोव्हेंबर 1941 च्या हुकुमाने एकदम काढले गेले, त्यामुळे मुंबईत असलेल्या आजींची त्या दिवसाची स्थिती महत्त्वाची आहे. या अर्जाला जर्मन सरकार शुल्क घेत नाही. तो मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासातून जातो. मात्र भारतीय नागरिकाने स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. शेतजमीन, निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी दोन्ही देशांच्या नागरिकत्वाचा कायदा जाणणाऱ्या वकिलाला भेटा.

सासरे 91 वर्षांचे आहेत. त्यांना आठवते ते दिवाळीनंतर सवडीने लिहून घेऊ. आजीची जुनी पत्रेही आहेत, पण जर्मन शिकलेल्या भाच्यालाही ती वाचता येत नाहीत. (त्याच वाचक)

दिवाळीपर्यंत थांबू नका. या आठवड्यात बसा. पत्रे कोठेही जाणार नाहीत, सासऱ्यांच्या आठवणीचे तसे नाही. त्यांना ‘तुमचा इतिहास सांगा’ असे न म्हणता एकेक फोटो हातात द्या आणि प्रत्येकातील माणसाचे नाव, गाव, नाते विचारा, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू ठेवून. कुटुंबातील कोणाची कबर कोठे आहे, हे जरूर विचारा. ज्यू कबरीच्या दगडावर हिब्रूत मृताच्या वडिलांचे नाव असते आणि काउफमान हे आधी व्यक्तिनाव होते का, याचा पुरावा कित्येकदा तेथेच सापडतो.

भाच्याचा दोष नाही. ती पत्रे बहुधा कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत आहेत आणि ती आज जर्मन शाळांतही शिकवत नाहीत. प्रत्येक पत्राची दोन्ही बाजूंनी, पाकिटासह, चांगल्या उजेडात छायाचित्रे घ्या आणि ती कुरेंट वाचणाऱ्या अभ्यासकाकडे पाठवा. मूळ पत्रे टपालाने पाठवू नका आणि टिकावीत म्हणून त्यांना लॅमिनेशन तर मुळीच करू नका.