मिक्सरवर पहिल्यांदा उभं राहणाऱ्याला

बेकरीतल्या स्पायरल मिक्सरची जाळी उचलली की लिमिट स्विचने, म्हणजे जाळी उघडताच वीज तोडणाऱ्या बटणाने, मोटर थांबायला हवी. बऱ्याच ठिकाणी तो स्विच तारेने दाबून बांधलेला असतो, कारण मैद्याचा गोळा चालू मिक्सरमध्येच चाचपायची घाई! पाळी सुरू करण्याआधी मोकळ्या भांड्यावर जाळी उचलून बघ. हुक (पीठ मळणारा आकडा) फिरतच राहिला तर काम सुरू करू नकोस, सुपरवायझरला लेखी कळव. धुताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच पाडून कुलूप लाव. कापडी हातमोजे, अंगठी, लोंबती बाही नकोच.

बोट तुटलंच तर जखम दाबून धरा. तुकडा स्वच्छ ओलसर गॉजमध्ये, मग बंद पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात. थेट बर्फावर ठेवला तर तो गोठून वाया जातो.

अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घे. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर उपचार आणि तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजाच्या 90 टक्के भत्ता मिळतो. नसेल तर भरपाई मालकाने द्यायची. त्या हिशेबात अख्खी तर्जनी गेली तर कमाईची क्षमता 14 टक्के, अंगठा गेला तर 30 टक्के घटली असं धरतात. ठेकेदाराच्या माणसालाही मूळ कारखान्यावर दावा करता येतो. कोऱ्या कागदावर सही मात्र देऊ नकोस.