पायाची जखम भरत नाही? आधी दाब, मग बाकीचं

प्रश्न : आईच्या घोट्याच्या आतल्या बाजूला सात महिन्यांपासून जखम आहे. रोज ड्रेसिंग होतं, अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. आता सोबत कोणतं मलम लावावं?

मलम राहू द्या. भोवतीची कातडी तपकिरी पडली असेल आणि संध्याकाळी सूज वाढत असेल, तर दोष बहुधा शिरांच्या झडपांचा आहे. रक्त वर चढत नाही, खालीच साचतं. तो ताण उतरल्याशिवाय वरून काहीही लावा, जखम ओली ती ओलीच. म्हणून डॉपलर तपासणी (पायातला रक्तप्रवाह पाहणारी) करून थरांचं कम्प्रेशन बँडेज, म्हणजे दाब देणारी पट्टी, सुरू करा : घोट्याशी साधारण 40 मिलिमीटर पारा दाब, गुडघ्याकडे कमी होत जाणारा. साधं ड्रेसिंग त्याच्या आत. स्राव कमी झाला की ते आठवड्यातून एकदा बदललं तरी भागतं. रोज उघडून पुसत बसलं की नवी येऊ घातलेली कातडीही निघून येते. अँटिबायोटिक केव्हा? लाली पसरत असेल, ताप असेल, दुखणं एकदम वाढलं असेल तेव्हाच. स्वॅबमध्ये, म्हणजे जखमेवरून बोळा फिरवून केलेल्या तपासणीत, जंतू निघाले म्हणून नव्हे, जुन्या जखमेत ते निघणारच.

प्रश्न : मला मधुमेह आहे. पट्टी बांधली की पाय गार पडतो, ठणकतो. तरी बांधायची का?

लगेच सोडा आणि पाय दाखवा. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागलं की एक आकडा मिळतो. तो 0.8 च्या खाली असेल तर पूर्ण दाब चालत नाही; 0.5 च्या खाली असेल तर पट्टीचा विचार सोडून आधी धमनीचा इलाज. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा, चांगला येऊ शकतो, म्हणून तुमच्या बाबतीत पायाच्या अंगठ्याचा रक्तदाबही मोजून घ्या. जखम तळव्याला असेल तर मात्र प्रकरणच निराळं, तिथे पायावरचा भार काढणं महत्त्वाचं.

प्रश्न : सर्जन म्हणतात, व्हेरिकोज व्हेन्सचं (फुगलेल्या शिरा बंद करण्याचं) लेझर आत्ताच करू. जखम भरेपर्यंत थांबू नये का?

सर्जन बरोबर सांगताहेत. ब्रिटनमधल्या ‘एव्हरा’ चाचणीत (2018) सगळ्यांना कम्प्रेशन होतंच. ज्यांची शीर दोन आठवड्यांत बंद केली, त्यांच्यातल्या निम्म्या जणांच्या जखमा 56 दिवसांत भरल्या. थांबलेल्यांना त्यासाठी 82 दिवस लागले. त्याआधीच्या ‘एस्कार’ चाचणीत (2004) पट्टीला शस्त्रक्रियेची जोड दिल्यावर जखम लवकर भरली नाही, पण वर्षभरात ती उलटण्याचं प्रमाण 28 टक्क्यांवरून 12 वर आलं. लेझर झालं म्हणून पट्टी सोडायची नाही, हे विसरू नका.

प्रश्न : मध, अळ्या, गोळ्या यांपैकी काय जोडावं?

पेंटॉक्सिफायलिन ही रक्तप्रवाह सुधारणारी गोळी (400 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा) पट्टीसोबत घेतल्यास मदत होते. काहींचं पोट बिघडतं. डॉक्टरांना विचारूनच घ्या. अळ्या मेलेला भाग झपाट्याने साफ करतात, पण त्यामुळे जखम लवकर भरत नाही आणि दुखतं जास्त. मधाने पट्टीच्या परिणामात विशेष भर पडलेली दिसली नाही. मी तुमच्या जागी असतो तर त्यापेक्षा रोज चाललो असतो : पोटरी आवळली की रक्त वर ढकललं जातं. बसताना मात्र पाय उंचावर.

प्रश्न : वडिलांची जखम बारा वर्षांची आहे. अलीकडे कडा उंच, टणक झाल्यात.

याच आठवड्यात कडेची बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) करून घ्या. जुन्या जखमेत क्वचित कर्करोग होतो. तो निघाला तर वरचं काहीच लागू नाही.